एकच भूगोल, दोन निकाल : संघर्ष आणि सहकार्य वर्गात कसे शिकवावे

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना भूगोल आणि देशांमधील संघर्ष-सहकार्य यांचा संबंध कसा शिकवावा, असा आपला प्रश्न आहे. नद्या, पर्वत आणि खनिजे एका पुस्तकात येतात, युद्धे आणि तह दुसऱ्या पुस्तकात येतात, आणि दोन्हींची सांगड घालायला गेले की मुले ‘पाणी कमी होते म्हणून भांडण झाले’ अशा एका वाक्यावर येऊन थांबतात, ही अडचणही आपण नोंदवली आहे. माझ्या मते ही अडचण मुलांच्या आकलनाची नसून उदाहरणांच्या निवडीची आहे. आपण त्यांच्यासमोर बहुधा फक्त युद्धांची उदाहरणे ठेवतो आणि प्रत्येक युद्धाच्या मागे एक नदी किंवा एक खाण दाखवतो. त्यातून ‘भूगोल असा, म्हणून युद्ध झाले’ हाच निष्कर्ष निघू शकतो. म्हणून मी कोणतेही उदाहरण एकटे शिकवत नाही. भूगोल जवळपास सारखा पण निकाल वेगळा, अशी जोडी निवडायची आणि हा फरक कशामुळे पडला याचा शोध मुलांना घ्यायला लावायचा, हा या विषयाच्या अध्यापनाचा गाभा आहे. भूगोल काय पणाला लागले आहे ते ठरवतो आणि पर्यायांची संख्या कमी-जास्त करतो. त्या पर्यायांतून निवड मात्र माणसे करतात.

सुरुवातीला मी जी जोडी घेतो ती दक्षिण गोलार्धातली आहे. अर्जेंटिना आणि ब्रिटन यांच्यात १९८२ च्या एप्रिल ते जून या काळात फॉकलंड बेटांवरून युद्ध झाले आणि त्यात नऊशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. याच दोन देशांचा आणखी एका भूभागावर परस्परविरोधी दावा आहे, तो म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्प; तिथे चिलीचाही दावा त्यांच्या दाव्यांवर येतो. तरीही तिथे युद्ध झाले नाही. १९५९ मध्ये बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या, त्यांत हे तिन्ही देश होते, आणि जुने दावे मान्यही करायचे नाहीत व फेटाळायचेही नाहीत, ते आहेत तसे गोठवून ठेवायचे, अशी तरतूद त्यात केली गेली. मुलांना दोन्ही ठिकाणे नकाशावर दाखवून ‘एका ठिकाणी युद्ध आणि दुसऱ्या ठिकाणी संशोधन केंद्रे, असे का?’ एवढेच विचारावे. पहिले उत्तर हमखास येते की अंटार्क्टिकावर थंडी फार आहे, त्यामुळे ते कोणालाच नको असेल. हे उत्तर खोडून न काढता पुढे न्यावे. नको असते तर सात देशांनी दावे कशाला केले असते? मग हळूहळू इतर कारणे पुढे येतात. फॉकलंडवर कायमची वस्ती होती आणि ते लोक स्वतःला ब्रिटिश मानत होते, तर अंटार्क्टिकावर कायमचे रहिवासी नव्हते. अर्जेंटिनातील लष्करी राजवट १९८२ मध्ये देशांतर्गत असंतोषाने अडचणीत आलेली होती. अंटार्क्टिकावर १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात शास्त्रज्ञांनी आधीच एकत्र काम सुरू केले होते. यांतली काही कारणे भौगोलिक आहेत आणि काही नाहीत, हे मुलांना स्वतःच वर्गीकरण करून कळले पाहिजे, शिक्षकाने सांगून नव्हे.

यानंतर नदीकडे वळावे, कारण ‘वरच्या अंगाला कोण, खालच्या अंगाला कोण’ ही या विषयातील सर्वांत स्पष्ट दिसणारी रचना आहे. नाईल नदीच्या खोऱ्याचा नकाशा द्यावा, पण देशांची नावे आणि सीमा न दाखवता. फक्त उंची, पर्जन्यमान आणि लोकसंख्येची घनता दाखवावी. मुलांना विचारावे की पाणी कुठून येते, पाऊस कुठे पडत नाही आणि माणसे कुठे दाटीने राहतात. इथिओपियाच्या पठारावर भरपूर पाऊस, उत्तरेकडे जवळपास कोरडे वाळवंट आणि त्या वाळवंटातून जाणाऱ्या हिरव्या पट्ट्यात एवढी मोठी लोकसंख्या, हे चित्र डोळ्यांसमोर आले की तिथे काय अडचण उभी राहू शकते हे मुले नावे कळण्याआधीच सांगतात. मग सीमांचा पारदर्शक कागद वर ठेवावा. इजिप्तचे नव्वद टक्क्यांहून अधिक गोडे पाणी नाईलमधून येते आणि त्यातला बहुतांश भाग इथिओपियाच्या पठारावरून आलेला असतो. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी आपापसात पाण्याची वाटणी केली, वर्षाला अनुक्रमे ५५.५ आणि १८.५ अब्ज घनमीटर. त्या करारात इथिओपिया नव्हता. २०११ मध्ये इथिओपियाने नाईलच्या ब्लू नाईल या उपनदीवर मोठे धरण बांधायला घेतले आणि २०२० पासून ते भरायला सुरुवात केली.

इथे थोडे थांबणे फार गरजेचे आहे, कारण या ठिकाणी मुले पुन्हा ‘इथिओपियाने पाणी अडवले, म्हणून भांडण’ या सरळ रेषेवर येतात. हे धरण मुख्यतः विजेसाठी आहे. वीज तयार करताना पाणी संपत नाही, ते टर्बाइनांतून पुढे वाहते. मग वाद नेमका कशाचा? जलाशय भरेपर्यंत तो किती वर्षांत भरायचा याचा, आणि सलग काही वर्षे दुष्काळ पडला तर खाली किती पाणी सोडायचे व ते कोणी ठरवायचे, याचा. म्हणजे वाद पाण्याच्या एकूण साठ्यापेक्षा वेळेचा, नियंत्रणाचा आणि विश्वासाचा अधिक आहे. सुदानची स्थिती तर आणखी शिकवण्यासारखी आहे. नियमित प्रवाहामुळे त्याचा पुराचा त्रास कमी होऊ शकतो आणि सिंचन सुधारू शकते. पण वरच्या धरणातून पाणी कधी सोडले जाणार याची माहिती वेळेवर मिळाली नाही, तर त्याच्या स्वतःच्या धरणांना धोका पोहोचतो. एकाच देशाला एकाच धरणापासून लाभही आहे आणि भयही आहे, हे समजलेला विद्यार्थी पुढे ‘दोन बाजू’ या साच्यात सहसा अडकत नाही.

नाईलच्या जोडीला मी पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल नदी घेतो. अनेक शिक्षक हे उदाहरण वापरत नाहीत, आणि मला ती मोठी उणीव वाटते. इथेही वरच्या भागात पाऊस, खालच्या भागात कोरडा प्रदेश आणि नदीवर अवलंबून असलेले अनेक देश आहेत. १९७२ मध्ये माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी एक संयुक्त संस्था स्थापन केली. गिनी त्यात २००६ मध्ये आला. मालीमधील मनांताली धरण आणि नदीच्या मुखाजवळ समुद्राचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेले दियामा धरण, ही दोन्ही धरणे ज्या देशाच्या भूमीवर आहेत त्याच्या एकट्याच्या मालकीची नाहीत. ती सामाईक मालकीची आहेत. मनांतालीची वीज मालीला ५२, सेनेगलला ३३ आणि मॉरिटानियाला १५ टक्के अशी वाटून दिलेली आहे. ‘एखादा देश आपल्या जमिनीवरच्या धरणाची मालकी इतरांसोबत का वाटून घेईल?’ या प्रश्नावर एक पूर्ण तास चर्चा चालते. त्यातून खर्चाची विभागणी, कर्ज मिळवण्याची सोय, एकट्याने बांधणे न परवडणे अशी कारणे मुले शोधून काढतात.

पण हे उदाहरण गोड करून सांगू नये. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्यात रक्तरंजित संघर्ष झाला आणि त्यांचे राजनैतिक संबंध तुटले. नदीची संस्था मात्र टिकून राहिली. दुसरीकडे, धरणांमुळे पुराचे पाणी ओसरल्यावर होणारी पारंपरिक शेती अडचणीत आली आणि दियामा धरणानंतर खालच्या भागात गोगलगायींच्या मार्फत पसरणाऱ्या शिस्टोसोमियासिस या रोगाचा मोठा फैलाव झाला. सरकारांमधील सहकार्याची किंमत नदीकाठच्या काही लोकांनी मोजली. सहकार्य म्हणजे सर्वांचे भले आणि संघर्ष म्हणजे सर्वांचे नुकसान, ही मांडणी मुलांना शिकवू नये. कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, हा प्रश्न दोन्हींना सारखाच लावावा.

सहकार्य म्हणजे मैत्री नव्हे, हेही स्वतंत्रपणे दाखवावे लागते. त्यासाठी १९६० चा सिंधू जलकरार योग्य आहे. रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडील नद्या भारताला, तर सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडील नद्या प्रामुख्याने पाकिस्तानला, अशी वाटणी जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झाली आणि ती १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतही टिकली. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. करार शत्रुत्वातही टिकू शकतात आणि दीर्घकाळ टिकलेले करारही थांबू शकतात, या दोन्ही गोष्टी एकाच उदाहरणातून समोर येतात.

खनिजांसाठी युरोपमधील कोळसा आणि लोखंड यांच्याइतके नेमके उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. जर्मनीच्या रूर भागात कोळसा आणि फ्रान्सच्या सीमेवरील लोरेन भागात लोहखनिज. पोलाद बनवायचे तर दोन्ही हवे. १८७१ मध्ये जर्मनीने आल्सास आणि लोरेनचा एक भाग घेतला, पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे परत गेला, १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने रूर व्यापले, १९४० मध्ये जर्मनीने पुन्हा तो प्रदेश घेतला. आणि १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी करार करून कोळसा आणि पोलाद यांचे उत्पादन एका सामाईक संस्थेच्या देखरेखीखाली आणले. कोळसा होता तिथेच राहिला, लोहखनिज होते तिथेच राहिले. मुलांना या घटनांची कालरेषा काढायला सांगून तिच्या खाली खनिजांचा नकाशा ठेवायला सांगावे. वरची रेषा सतत बदलते आणि खालचा नकाशा अजिबात बदलत नाही, हे एकदा पाहिल्यावर ‘भूगोलामुळे झाले’ हे उत्तर अपुरे का आहे ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

समुद्रमार्ग आणि भूवेष्टित देश यांना मी कमी वेळ देतो. बोलिव्हियाने १८७९ ते १८८४ या काळातील युद्धात चिलीकडून आपला समुद्रकिनारा गमावला आणि तो प्रश्न २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात बोलिव्हियाच्या विरोधात निकाल लागेपर्यंत गाजत राहिला. स्वित्झर्लंडलाही समुद्र नाही, पण त्याच्या शेजारी श्रीमंत बाजारपेठा, चांगले रस्ते आणि ऱ्हाईनचा जलमार्ग आहे. भूवेष्टित असणे किती जाचक ठरते हे शेजारी कोण आहे यावर अवलंबून असते, एवढे कळले तरी पुरेसे आहे. अरुंद जलमार्गांसाठी होर्मुझची सामुद्रधुनी आणि सुएझ कालवा नकाशावर दाखवावा. २०२१ च्या मार्चमध्ये एकच जहाज आडवे अडकल्याने सुएझ सहा दिवस बंद पडला होता, ही घटना मुलांना लगेच समजते.

सीमांचा भाग मात्र मुलांना मनापासून आवडतो आणि तो घाईने उरकू नये. नदी ही सीमा मानली आणि नदीनेच पात्र बदलले तर काय करायचे? एकोणिसाव्या शतकात रिओ ग्रांदे नदी दक्षिणेकडे सरकली आणि मेक्सिकोची चामिसाल नावाची जमीन नदीच्या अमेरिकेकडील काठावर गेली. हा वाद दोन्ही देशांनी १९६३ च्या कराराने मिटवला आणि नंतर त्या भागात नदीला काँक्रीटच्या पात्रात बांधून टाकले. नामिबियाच्या नकाशावर ईशान्येला एक लांबट पट्टी बाहेर आलेली दिसते. १८९० मध्ये जर्मनीने झांबेझी नदीपर्यंत पोहोचण्यासाठी ती ब्रिटनकडून मिळवली, पूर्वेकडे हिंदी महासागराचा मार्ग मिळेल या आशेने, पण पुढे व्हिक्टोरिया धबधबा होता. याच्या शेजारी कोरियाचा नकाशा ठेवावा. १९४५ मध्ये ३८ व्या अक्षवृत्तावर आखलेली रेषा कोणत्याही पर्वताला किंवा नदीला जुमानत नाही. ती दोन महासत्तांनी नकाशावर आखली. सीमा पाहिली की ‘इथे आधी जमिनीवर काही होते का, की फक्त कागदावर रेषा होती?’ असे विचारण्याची सवय मुलांना लागली पाहिजे.

यानंतरच वाटाघाटींचा खेळ घ्यावा. उदाहरणे समजण्याआधी तो घेतला तर तो नुसता गोंगाट होतो. खरे देश घेऊ नयेत. एक काल्पनिक नदी आणि तीन देश घ्यावेत : वर डोंगराळ देश, मध्ये मैदानी शेतीचा देश आणि मुखाशी मोठे बंदर असलेला देश. नदीत वर्षाला १०० एकक पाणी आहे, तिन्ही देशांची मागणी अनुक्रमे ३०, ५० आणि ४० एकक आहे, आणि मुखाशी किमान २० एकक पोहोचले नाही तर खारे पाणी शेतात शिरते. पहिल्या फेरीत फक्त पाण्यावर बोलायला सांगावे. मागणी १२० आणि पाणी १०० असल्याने चर्चा बहुधा अडते, आणि ती अडू द्यावी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक गटाला नवी माहिती द्यावी : डोंगराळ देश वीज देऊ शकतो, मैदानी देशाकडे जास्तीचे धान्य आहे, तिसऱ्याकडे बंदर आहे. आता पाण्याऐवजी पाण्यापासून मिळणाऱ्या लाभांची देवाणघेवाण सुरू होते. तिसऱ्या फेरीत दुष्काळ आणावा, पाणी ७० एककांवर न्यावे आणि आधी केलेला करार टिकतो का ते पाहावे. ज्या गटांनी दुष्काळाचा विचार करारात आधीच केलेला असतो त्यांचा करार टिकतो. बाकीच्यांचा मोडतो, आणि खऱ्या करारांत अशा तरतुदी इतक्या तपशिलाने का लिहिलेल्या असतात हे तेव्हा मुलांना उमगते.

या खेळात दोन गोष्टी मुद्दाम घालाव्यात. एक म्हणजे माहितीची विषमता : नदीत किती पाणी आहे हे पहिल्या फेरीत फक्त वरच्या देशाला ठाऊक असावे. प्रत्यक्षातही अनेक नद्यांवर सहकार्याची सुरुवात आकडेवारी देण्यापासून होते. चीन २००२ पासून आग्नेय आशियात वाहणाऱ्या मेकाँग नदीच्या पूरकाळातील पाणीपातळीची माहिती खालच्या देशांच्या आयोगाला देतो. दुसरी म्हणजे बळाची विषमता. एका गटसंचात वरचा देश सर्वांत बलाढ्य ठेवावा आणि दुसऱ्या संचात सर्वांत खालचा, नंतर दोन्ही संचांचे करार फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. मेकाँगवर वरचा चीन बलाढ्य आहे. नाईलवर दीर्घकाळ सर्वांत खालचा इजिप्त बलाढ्य होता. वरच्या अंगाला असणे ही ताकद आहे, पण ती एकमेव ताकद नाही.

लेखनात मी एक नियम कटाक्षाने पाळायला लावतो. उत्तरातील मुख्य क्रिया करणारा कर्ता माणूस, सरकार, समाज किंवा संस्था असली पाहिजे. नदी किंवा पर्वत नव्हे. ‘दुष्काळाने युद्ध घडवले’ असे लिहिलेले वाक्य परत द्यावे आणि ‘दुष्काळ पडल्यावर कोणी, काय आणि का ठरवले?’ असे विचारावे. हा केवळ लेखनशैलीचा आग्रह नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीडरिख रात्सेल या जर्मन भूगोलज्ञाने राज्य हे वाढत जाणाऱ्या सजीवासारखे असते आणि त्याला जागा लागते असा विचार मांडला, आणि पुढे नाझींनी त्याच विचाराचा आधार घेऊन दुसऱ्यांच्या भूमीवरील आक्रमण अपरिहार्य असल्याचे सांगितले. भूगोलाला नियती मानण्याचे परिणाम असे होऊ शकतात, आणि हे भूगोल शिकवणाऱ्याने तरी विसरता कामा नये. अमुक प्रदेशातील माणसे भांडखोर किंवा अमुक हवामानातील माणसे आळशी, असे विधान वर्गात आले तर ते तिथेच थांबवून पुरावा मागावा.

चालू युद्धांविषयी आपण विचारले नसले तरी मुले विचारणारच. वर्गातील एखाद्या मुलाचे कुटुंब त्या संघर्षाशी जोडलेले असू शकते, हे गृहीत धरून चालावे. कोणत्याही विद्यार्थ्याला ‘तुझ्या देशाची बाजू मांड’ असे सांगू नये, आणि ज्यात माणसे मरत आहेत अशा चालू संघर्षाचे नाट्यरूप करू नये. त्याऐवजी नकाशावर पाणी, बंदरे, रस्ते आणि वस्ती दाखवून काय पणाला लागले आहे एवढेच समजावून घ्यावे. दोषी कोण हा प्रश्न भूगोलाच्या तासाच्या आवाक्याबाहेरचा आहे, असे मुलांना स्पष्ट सांगावे. विवादित सीमांबाबत एक पद्धत उपयोगी पडते : आपल्या देशात अधिकृत मानलेला नकाशाच वापरावा, आणि इतर देश तीच सीमा वेगळी छापतात ही वस्तुस्थिती मुलांपासून लपवू नये.

मूल्यमापनासाठी शिकवलेली उदाहरणे विचारू नयेत, कारण मग पाठांतरच तपासले जाते. मुलांनी कधी न पाहिलेल्या, काल्पनिक प्रदेशाचा उंची, पाऊस, खनिजे आणि वस्ती दाखवणारा नकाशा द्यावा आणि तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात : इथे कशावरून वाद उद्भवू शकतो, कशावरून सहकार्य होऊ शकते, आणि नेमके काय होईल हे सांगण्यासाठी आणखी कोणती माहिती लागेल. सर्वाधिक गुण तिसऱ्या भागाला द्यावेत. जो विद्यार्थी तिथे ‘या देशांमध्ये आधीचा काही करार आहे का’, ‘सरकारवर कोणाचा दबाव आहे’, ‘धरणाचा खर्च कोण करणार’ असे प्रश्न लिहितो, त्याला नकाशा काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही हे दोन्ही कळलेले असते. आठवड्याचे तास मर्यादित असतील तर अंटार्क्टिका-फॉकलंड, नाईल-सेनेगल आणि वाटाघाटींचा खेळ एवढेच घ्यावे. कोळसा-पोलादाचे उदाहरण इतिहासाच्या शिक्षकांसोबत जोडून घेता येते, आणि सीमांचा भाग नकाशावाचनाच्या तासात सहज बसतो.